पिवळा दिवा आणि महाराजांचा हार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रणधवल महाराजांच्या मोटारीत, स्टिअरिंगच्या समोर, एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटंसं चित्र असलेला. लागला तो लागलाच, काही केल्या विझेना.

महाराज खवळले. "माझ्या परवानगीशिवाय माझ्या गाडीत दिवा लावतो कोण?"

दिवाणजी पुढे सरसावले. राणीसाहेबांच्या डबीतली सगळ्यात मोठी टिकली आणून त्यांनी दिव्यावर चिकटवली आणि हात जोडले. "विझला, महाराज."

पण टिकलीच्या कडेने पिवळा उजेड झिरपतच राहिला. तेव्हा मोटार चालवणाऱ्या येसबाला बोलावणं गेलं.

"कोजागिरीला राणीसाहेबांना घेऊन आम्ही गडावर जाणार," महाराज म्हणाले. "त्याआधी दिवा विझला पाहिजे. आणि नीट ऐक. गाडीची पूजा मी स्वतः केलीय. मी घातलेला हार कोजागिरीपर्यंत कोणी हलवायचा नाही. दिवा विझला नाही, तर किल्ली ठेवायची आणि बिऱ्हाड उचलायचं!"

येसबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची थोरली लेक तुळजा तांदूळ निवडत होती. गाड्यांमध्येच वाढलेली, गाडी चालवायलाही शिकलेली पोर. बापाचा चेहरा आणि इंजिनाचा आवाज तिला सारखाच कळायचा. सगळं ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं.

"आबा, दिवा लुकलुकतो की स्थिर जळतो?"

"स्थिर."

"मग बरं. लुकलुकला असता तर गाडी जागच्या जागी थांबवावी लागली असती. स्थिर दिवा नुसता हाक मारतो, जरा बघून जा म्हणून. चालवताना काय जाणवतं?"

"चढाला दम लागतो तिला. मागून काळा धूर. पेट्रोलचा वासही येतो."

"कधीपासून?"

"पूजेपासून." येसबाने दाराकडे बघून आवाज उतरवला. "मला कळतंय गं सगळं. झेंडूचा मांडीएवढा जाड हार महाराजांनी पुढच्या जाळीत कोंबलाय. इंजिनाचं नाकच तिथं! पाकळ्या आत ओढल्या गेल्या, हवेची वाट बुजली. हवा कमी, पेट्रोल जास्त, मग दिवा लागेल नाहीतर काय? पण सांगायचं कोणी? महाराजांची पूजा बाधली म्हणू?"

"आपण कशाला म्हणायचं?" तुळजा म्हणाली. "महाराजांनाच म्हणू दे."

सकाळी ती डोक्यावर झेंडूच्या हारांची पाटी घेऊन दरबारात हजर.

"महाराज, दसऱ्याला मोटारीला हार मिळाला. मोटारीच्या धन्याला कोणी घातला? गाडीला मान आणि राजाला नाही, हे काही बरं दिसत नाही."

महाराजांना हे फारच पटलं. त्यांनी मान पुढे केली. तुळजाने पहिला हार घातला. तिच्या मागे राहतील ते दिवाणजी कसले! त्यांनी दोन घातले. मग सेनापतींनी, मग खजिनदारांनी, मग जो तो पाटीवर तुटून पडला. हार हनुवटीला लागले, ओठांवर आले, शेवटी नाकही बुडालं. महाराजांचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लालबुंद.

"पुरे! काढा हे!" झेंडूच्या आतून आवाज आला.

दिवाणजी धावले. तुळजा आडवी आली. "हात लावू नका. पूजेचा हार कोजागिरीपर्यंत हलवायचा नाही, असा महाराजांचाच हुकूम आहे."

"अगं, श्वास अडकलाय माझा!"

"हो ना, चेहऱ्यावर लाल दिवा लागलेला दिसतोय," तुळजा अदबीने म्हणाली. "दिवाणजी, टिकली आणा, म्हणजे विझेल."

महाराजांनी दोन्ही हातांनी सगळे हार ओरबाडून फेकले. घटाघट पाणी प्याले. तुळजाकडे बघितलं, खिडकीतून मोटारीकडे बघितलं, परत तुळजाकडे बघितलं. मग खाली उतरले आणि आपल्या हातांनी जाळीतला हार उपसून काढला.

येसबाने हवेची पेटी उघडली. आतून ओंजळभर पाकळ्या निघाल्या. पेटी झटकून बसवली, गाडी सुरू केली. काळा धूर गेला, आवाज गोड झाला.

पण दिवा? जळतच होता!

"बघा महाराज," दिवाणजी हर्षाने म्हणाले, "हार गेला, मान गेला, दिवा मात्र जागेवर."

महाराजांची भुवई चढली. येसबाचा हात किल्लीकडे गेला.

"महाराज," तुळजा म्हणाली, "हार काढले त्याच क्षणी तुमचा चेहरा निवळला का?"

"नाही. चार श्वास घेतले, तेव्हा कुठे."

"मग दिव्यालाही चार फेऱ्या द्या. त्याने बिघाड डोळ्यांनी पाहिलाय. आता गाडी नीट चालते हेही तो पुन्हा पुन्हा बघणार, मगच विझणार. नुसत्या शब्दावर 'विझला महाराज' म्हणायला तो काय दरबारी आहे?"

महाराज असे हसले की टपावरची कबुतरं उडाली. दिवाणजीही हसले, जरा उशिरा.

त्या दिवसापासून महाराज रोज फेरी मारू लागले, कधी नदीपर्यंत, कधी बाजारापर्यंत. कोजागिरीच्या संध्याकाळी येसबाने किल्ली फिरवली, दिवा क्षणभर उजळला आणि इंजिन सुरू होताच विझला, तो विझलेलाच राहिला. महाराजांनी येसबाचं बिऱ्हाड कायमचं त्याच्या नावावर केलं. मग राणीसाहेबांसाठी पुढचं दार उघडलं, येसबाला उठवून मागच्या सीटवर बसवलं, स्वतः त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "तुळजा, गडापर्यंत गाडी तू घे."