भिरकावलेल्या भेंडीचा शाप

एका राज्यात राजाच्या मुदपाकखान्यातलं कोणतंही भांडं अन्न शिजताना उघडं राहत नसे. कुणी विष कालवेल या भीतीने पणजोबांनी घालून दिलेली ती रीत, आणि राजा धूम्रकेतू म्हणजे हट्टाचा नुसता दगड.

एकदा कालकंठ नावाच्या मायाव्याने त्याला आपल्या बागेतली भेंडी भेट दिली. आचाऱ्यांनी ती चिरल्यावर धुतली आणि वर झाकण घालून शिजवली. व्हायचं तेच झालं, भाजीला तार सुटली. राजाने ताट पंगतीला बसलेल्या मायाव्याच्या अंगावर भिरकावलं.

"तुझ्या लेकीच्या तोंडी घासाची वाळू होईल," मायावी म्हणाला. "हीच भाजी तू जिभेच्या ओढीने मागशील, तेव्हाच शाप सुटेल."

राजाने भीतीने लगेच मागितली. भीतीचं मागणं शापाला चालेना. राजकन्या काडीसारखी वाळली आणि राणी मंदाकिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. गुन्हा बापाचा, मग उपास पोरीला का? नवऱ्याचा राग आलाच होता, मायाव्याचा त्याहून जास्त. त्या रागातच ती भेंडी आणायला मायाव्याच्या बागेत गेली.

बागेची राखण एक बोलती साळुंकी करी. ती म्हणाली, "जिचं टोक कटकन मोडेल तीच खूड. चिरण्याआधी धू, कोरडी पूस. आणि झाकण घालू नकोस."

जून भेंड्या सापासारख्या डसत होत्या. राणीने रक्ताळल्या हातांनी कोवळ्या तेवढ्या खुडल्या. वाटेत नदी उठून पाठीस लागली; भेंडी वाहून जाऊ नये म्हणून राणीने टोपली शालूत गुंडाळली आणि नदीला अशी शिवी हासडली की ती ओशाळून पात्रात परतली.

मुदपाकखान्यात मात्र राजा आडवा आला. "पूर्वजांची रीत मोडेल."

"मोडू दे. पूर्वजांना भूक नाही, माझ्या लेकीला आहे."

तिने धुऊन पुसलेली भेंडी चिरली, लसणाच्या फोडणीत उघडीच परतली, दोन आमसुलं टाकली. चिकटपणा गेला, कडा खरपूस झाल्या. राजाने नाक मुरडतच एक घास घेतला. मग दुसरा. मग त्याचा हात आपसूक पसरला.

"अजून वाढ."

तत्क्षणी आतल्या दालनातून लेकीने हाक मारली, भूक लागली म्हणून. कढई उचलून राणी तिकडे निघाली. राजा रिकामं ताट धरून उभाच होता.

"आधी ती जेवेल," राणी म्हणाली. "मग आचारी. उरलं तर तुम्ही."

आणि धूम्रकेतू राजा, जन्मात पहिल्यांदा, उरण्याची वाट पाहत पाटावर बसला.