बाऊ-वाऊ आणि आबांचा कावळा

कुडवली गावात बाळकू नावाचा एक भोळा गडी मामाच्या घरी राहायचा. भोळा हा मामीचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो लिहिण्यासारखा नाही.

बाळकूला मामाची मुलगी शेवंती आवडायची. शेवंतीलाही बाळकू आवडायचा. तिच्या अकलेबद्दल आपण न बोललेलं बरं. मामाचे वडील आबा अंथरुणाला खिळले होते. या दोघांचं लग्न व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती.

"आधी त्याला अक्कल येऊ दे," मामा म्हणायचा. म्हणजे नाहीच म्हणायचा.

अक्कल आणायला बाळकू सोमण मास्तरांकडे गेला. रिटायर झाल्यापासून मास्तर ऐकणारा माणूस शोधतच होते. त्यांनी इंग्रजी पुस्तक उघडलं.

"हे बघ, बाऊ-वाऊ. म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. तिकडची लहान पोरं कुत्र्यालाच बाऊ-वाऊ म्हणतात. आपल्याकडे भूभू म्हणतात ना, तसं."

"हा शब्द आला कुठून?"

"कुत्र्याच्या तोंडातून. जो जसा आवाज काढतो, तेच त्याचं नाव."

इंग्रजी इतकं सोपं असेल असं बाळकूला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "पूजा आहे. भटजींना हाक मार जा."

भटजींना बारमाही सर्दी, सदा शिंकत असायचे. बाळकू त्यांच्या अंगणात उभा राहिला आणि जोरात शिंकला. बाहेर पडताना शिंक म्हणजे अपशकुन. भटजींनी उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय आत घेतला. थोड्या वेळानं पुन्हा टाकला. बाळकूनं पुन्हा हाक मारली. असं करता करता मुहूर्त टळला, भटजी घरातच राहिले.

मामानं कपाळाला हात लावला. "अरे, आवाज काढून बोलावतात का? हात जोडावेत. या, बसा, जेवून जा म्हणावं."

"बरं."

दुपारी स्वयंपाकघरात एक कुत्रं शिरलं. बाळकूनं हात जोडले. "या, बसा, जेवून जा." पाटसुद्धा मांडला. कुत्रं संकोची नव्हतं. आबांसाठी केलेला खरवस त्यानं पातेल्यासकट चाटून पुसून संपवला.

मामी म्हणाली, "अन्नाला तोंड लावायला कुणी आलं की काठी उगारायची आणि हाड म्हणायचं."

"कुणीही आलं तरी?"

"कुणी का असेना."

"बरं."

त्याच आठवड्यात आबा गेले. बाळकू फार रडला. त्याच्यावर न चिडणारं घरात ते एकटेच होते.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. भाताचा पिंड मांडला. भटजी बाळकूला म्हणाले, "तू पिंडाकडे लक्ष ठेव." बाळकू काठी घेऊन शेजारी उभा राहिला. एवढं समजूतदार वागताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून कुणी हटकलंही नाही.

समोरच्या झाडावर कावळा बसला होता. सगळे काव काव करून दमले. तो ढिम्म हलेना. ऊन चढलं, पोटात कावळे कोकलायला लागले. मास्तर म्हणाले, इंग्रजी कावळा कॉ म्हणतो. मग तेही करून पाहिलं. कावळा कुडवलीचाच होता.

"इच्छा अडकली आहे," भटजी म्हणाले. "वचन दिल्याशिवाय शिवायचा नाही."

मामानं वचनं द्यायला सुरुवात केली. आबा, देवळाचं छप्पर घालतो. आबा, भावाशी भांडण मिटवतो. कावळा चोच साफ करत बसला. कोणती इच्छा ते सगळ्यांना ठाऊक होतं. मामी शेवंतीकडे बघेना, शेवंती मान वर करेना.

शेवटी मामानं दात-ओठ खात हात जोडले. "आबा, शेवंती बाळकूलाच देतो. आता तरी या."

कावळा उडाला. सरळ खाली आला, पिंडापाशी टेकला, चोच पुढे केली.

"हाड," बाळकू ओरडला आणि काठी हाणली.

कावळा नदीपलीकडे गेला तो गेलाच. वाट पाहून भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. दर्भाच्या कावळ्याला कसलं वचन लागत नाही.

"आबांनी विचार बदललेला दिसतो," मामा म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला.

शेवंती पदरात तोंड लपवून रडायला लागली. बाळकू तिच्याजवळ गेला.

"रडू नकोस," तो म्हणाला. "आबांच्या पानातला एकही दाणा मी त्याला खाऊ दिला नाही."