करंजाचं सोनेरी चित्र

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी हिरवं झाड तोडायचं तर राजाला आधी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं लागे. नियम चांगला होता. पण राजा झाला तरी माणूसच, आणि माणसाचा पाय मोडतो.

तसा त्या राजाचा पाय मोडला, आणि नेमका तेव्हाच एका गावच्या तळ्याच्या बांधावरून नवा रस्ता काढायचं ठरलं. बांधावर पाच झाडं होती. चिंच, आंबा, वड, पळस आणि करंज. रथ वळायला जागा हवी, म्हणून पाचांतलं एक जाणार होतं. गडावरून निरोप आला, "आम्हाला खाली उतरता येत नाही. आठ दिवसांत पाचही झाडांची चित्रं गडावर पाठवा. ती पाहून कोणतं तोडायचं ते आम्ही सांगू."

गावात एक चितारीण होती. लग्नघरच्या भिंती, देवाचे पाट, पाळण्यावरचे पोपट, सगळं तीच रंगवायची. काम अर्थातच तिच्याकडे आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोपट बिघडला तर पोरं हसतात," ती स्वतःशीच म्हणाली, "इथे माझा हात चुकला तर उभं झाड जाईल."

ती बांधावर झाडं पाहायला गेली. तिथे बांधाची राखण करणारा म्हातारा कोळी बसला होता. त्याने तिला हाताला धरून करंजाच्या बुंध्याशी नेलं. झाड कसलं, नुसतं वेडंवाकडं खोड. मधे पोकळी, वर फांद्यांचा गुंता. पण बुंध्याखालून जाडजूड मुळ्या निघाल्या होत्या आणि बांधाच्या उतारावर जिकडेतिकडे पसरल्या होत्या.

"पोरी, ह्या मुळ्या बघ," म्हातारा म्हणाला. "बाकीची चार झाडं सावली देत्यात, फळं देत्यात. पर ह्या जागी बांध कच्चा हाय. त्यो ह्या करंजानं धरलाय. ह्यो गेला तर आज ना उद्या तळं गेलं. आन तळं गेलं तर मग गावात ऱ्हायचं काय?"

"बाबा, करंजाला मी काही होऊ देणार नाही," चितारीण म्हणाली.

घरी येऊन तिने विचार केला. पाचही झाडं एकाच रंगात काढली तर ती सख्ख्या बहिणींसारखी दिसतील. राजाला कुठलं कोणतं ते कळायचं नाही. म्हणून प्रत्येक झाडाला तिने वेगळं अंग दिलं, वेगळी रीत दिली.

चिंच तिने गेरूने सारवलेल्या पाटीवर तांदळाच्या पिठीने काढली, बारीक बारीक ठिपक्यांच्या पानांची. आंबा काढला जाड कापडावर, हळदीत आणि निळीत. वडासाठी ताडपत्र घेतलं. लोखंडी टोच्याने एकेक पारंबी कोरली आणि वरून काजळ भरलं. पळस लाकडी फळीवर लाखेच्या रंगाने असा पेटवला, की शेजारीण पाहायला आली ती "अगं बाई!" म्हणून दारातच थांबली.

उरला करंज. तो तिने जाड्याभरड्या कागदावर कोळशाने काढला. जसा होता तसा. वाकडा, पोकळ, आणि खाली त्या मुळ्या. अर्ध्या दिवसात चित्र झालंसुद्धा. आयुष्यात तिने काढलेलं ते सगळ्यांत खरं चित्र होतं. हे तिला त्या वेळी कळलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

तिने पाचही चित्रं भिंतीला टेकवून ओळीने लावली आणि लांबून पाहिली. पळस कसा लालभडक, आंबा कसा भरलेला, आणि शेवटी हा काळा, कुबडा करंज! राजा एका नजरेत म्हणणार, हाच तोडा. सहा दिवस संपले होते. दारावरून कुणी गेलं तरी तिला वाटे, गडावरचा माणूस आला.

सातव्या दिवशी तिने कोळशाचं चित्र चुलीत घातलं.

मग पेटीतून तिने जपून ठेवलेला रेशमी तुकडा काढला, सोन्याचा वर्ख काढला. दरबारी चितारी काढतात तसला करंज काढला. खोड सरळ केलं. पोकळी बुजवली. फांदी फांदी फुलांनी भरली, वर मोर बसवला. मुळ्या मात्र काही केल्या शोभेनात, म्हणून त्यांच्यावर हिरवंगार गवत काढलं आणि गवतात दोन हरणं सोडली. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

आठव्या दिवशी चित्रं घेऊन ती गडावर गेली. राजाने पाय उशीवर ठेवून एकेक चित्र पाहिलं. चिंचेला मान डोलावली, आंब्याला हसला, वडाकडे बराच वेळ पाहत राहिला, पळसाला "वा!" म्हणाला. करंजाचं रेशीम उलगडल्यावर तर तो उठूनच बसला.

"ह्या झाडाला कोण हात लावील?" राजा म्हणाला.

चितारणीला आनंदाने रडूच फुटायचं बाकी होतं. पण शेजारी प्रधान उभा होता.

"महाराज, मी त्या वाटेने दोनदा गेलो आहे," प्रधान म्हणाला. "बाकीची चारही झाडं मी ओळखली. हे झाड त्या बांधावर नाही. तिथला करंज वाकडा आणि पोकळ आहे."

राजाने चितारणीकडे पाहिलं. "बाई, खरं सांग. करंज असाच आहे का?"

तिची मान खाली गेली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

"चार झाडं खरी काढलीस," राजा म्हणाला, "आणि एकालाच सोनं लावावं लागलं. ज्याच्यासाठी लबाडी करावी लागते, त्यात राखण्याजोगं काही नसणार. करंज तोडा."

"महाराज, नको!" ती पुढे झाली. "त्याच्या मुळ्यांनी बांध धरलाय. तो गेला तर तळं जाईल."

"हे खरं असेलही," राजा म्हणाला. "पण आता तुझं खरं मी ओळखू कशावरून?"

गावकरी विनवण्या करायला गेले, तर चितारणीनेच त्यांना पढवून पाठवलं असेल म्हणून त्यांचंही कुणी ऐकलं नाही. करंज पडला. रस्ता झाला. पहिलं वर्ष बरं गेलं, दुसरंही गेलं, आणि लोक म्हणू लागले, म्हातारा उगीच घाबरवत होता. तिसऱ्या वर्षी जमिनीतल्या मुळ्या कुजल्या, त्या जागी बांधाला भगदाड पडलं आणि एका दिवसात तळं वाहून गेलं. रस्ताही त्याच्याबरोबर गेला.

पाय बरा झालेला राजा स्वतः पाहायला आला. सगळा गाव डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन भगदाड बुजवत होता, आणि सगळ्यांत पुढे चितारीण होती. तिच्या हातांवर रंगाचा डाग नव्हता, नुसता चिखल होता. राजाने वाकून उघड्या पडलेल्या त्या कुजक्या मुळ्या पाहिल्या.

"ह्या मुळ्या मी त्या दिवशी पाहिल्या असत्या, तर झाडाला धक्का लागू दिला नसता," तो म्हणाला. "बाई, तू ह्या का नाही काढल्यास?"

चितारणीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"काढल्या होत्या, महाराज," ती म्हणाली. "पण दिसायला चांगल्या नव्हत्या."

लहानथोर सगळ्यांनी गाठीशी बांधून ठेवावं ते एवढंच: खऱ्याला खोट्याचा साज चढवला, की खरंही खोट्यात जमा होतं.