सुपडूदादा आणि अकरा पट्ट्यांचा चषक

एका गावात एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात एक भोळा सहायक प्रशिक्षक होता. नाव सुपडू. मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला फेगडे सर शिकवायचे, वारके मॅडम संघाची व्यवस्था बघायच्या आणि सुपडू सांगितलेलं ऐकायचा. ऐकायचा म्हणजे असा, की एकदा कानात गेलेलं वाक्य पुन्हा बाहेर पडायची सोय नाही.

फेगडे सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. बावीस वर्षं मैदानात उन्हं खाल्ली, पण विभागाचा फिरता चषक एकदाही हाती आला नाही. अकरा वर्षांपूर्वी तो सुरू झाला, तेव्हापासून चांदणवाडी कॉलेजातच मुक्कामाला होता. फिरता चषक, पण फिरायचं नाव नाही! सर म्हणायचे, "एकदा तो आपल्या कॉलेजात ठेवतो, मग खुशाल घरी बसतो."

सरावाचा पहिला दिवस. सर बँकेत जाता जाता म्हणाले, "सुपडू, सामानाच्या पिशवीजवळ बस. कुणाला हात लावू देऊ नको."

सुपडू पिशवीवरच बसला. कर्णधार हर्षाली आली.

"सुपडूदादा, बॅट द्या."

"नाही."

"अहो, सराव आहे आमचा!"

"करा की. मी कुठे अडवलंय?"

त्या दिवशी मुलींनी बॅटशिवाय, बॉलशिवाय, नुसत्या हवेत सराव केला. सर बँकेतून आले आणि बघतच राहिले.

"अरे देवमाणसा, आपल्या मुलींनी मागितलं की लगेच द्यायचं! विचारत बसायचं नाही."

"असं होय! आधी सांगायचं ना, सर," सुपडू म्हणाला आणि त्याने रुमालाला एक गाठ मारली.

पहिला सामना लागला. समोरच्या पोरीने चेंडू लांब टोलवला. त्यांची दुसरी एक पोर धाव पुरी करायला होम प्लेटकडे सुसाट निघाली. तिथे उभी असलेली हर्षाली लांबच्या मुलीला ओरडली, "बॉल दे! लवकर बॉल दे!"

आपल्या मुलीने मागितलं. सुपडूने विचारलं नाही. पिशवीतून एक नवा चेंडू काढला आणि दिला भिरकावून. हर्षालीने तो झेलून पोरीला आऊट केलं. तेवढ्यात खरा चेंडूही येऊन तिच्या पायाशी पडला. तिकडून दुसरीही ओरडली, "इकडे बॉल!" सुपडूने तिलाही एक दिला. भेदभाव कशाला?

अंपायरने तिन्ही चेंडू हातात घेतले आणि नारळ घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं एकेक करून हलवून बघितले. मग धाव समोरच्यांना दिली. नशीब, आपण तरीही एका धावेने जिंकलो.

सरांचा घसा बसला होता. "सुपडू, मैदानात जादा काही दिसता कामा नये! दिसलं, की उचल आणि पिशवीत घाल."

"असं होय! आधी सांगायचं ना, सर." दुसरी गाठ.

उपांत्य सामना. हर्षालीने असा फटका मारला, की चेंडू पार कुंपणाकडे गेला. सगळे चेंडूकडे बघत होते. सुपडू जमिनीकडे बघत होता. मधोमध एक पांढरी गादी पडली होती. तो बेस होता, धावणाऱ्याने तिथे पाय टेकायचा असतो. पण सुपडूने विचार केला, 'सकाळपासून हिच्यावर कुणी बसलेलं नाही. म्हणजे जादाच!'

धावत गेला, गादी उचलली, काखेत मारली. येता येता कडेला समोरच्या संघाची चार हेल्मेटं दिसली, तीही घेतली. सगळं पिशवीत.

हर्षाली मान खाली घालून पळत आली आणि गादीसाठी जमिनीवर सरपटली. सरपटतच राहिली. गादी येईचना.

"गादी कुठाय?" अंपायर ओरडला.

"सुरक्षित आहे, साहेब!" सुपडूने पिशवी थोपटली.

पिशवी उघडली. गादीसोबत समोरच्यांची हेल्मेटंही निघाली. "चोर! चोर!" असा गलका झाला. वारके मॅडमनी हातापाया पडून प्रकरण मिटवलं. फटका पुन्हा मारायला लावला. हर्षालीने रागातच मारला, तो कुंपणापलीकडे. जिंकलो.

"सुपडूभाऊ," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही समोरच्या संघाचे प्रशिक्षक का नाही हो झालात? केव्हाच जिंकलो असतो आम्ही!"

सर मात्र शांत होते. फार दमल्यावर माणूस होतो तसे. "सुपडू, वाचता येतं ना? वस्तूवर नाव लिहिलेलं असतं. ज्याचं नाव, त्याच्या हातात नेऊन द्यायची. आणि सही घ्यायची, म्हणजे कुणी चोर म्हणणार नाही."

"असं होय! आधी सांगायचं ना, सर." तिसरी गाठ.

अंतिम सामना चांदणवाडीच्याच मैदानावर, चांदणवाडीशीच होता. सुपडू दिवसभर हाताची घडी घालून बसला आणि त्याने काहीही केलं नाही. त्यामुळेच असेल, पण आपण जिंकलो! मुली नाचल्या. फेगडे सर चषक छातीशी धरून तासभर बसले. कुणी हात लावला तर म्हणायचे, "जरा थांब गं."

शेवटी भूक लागली. समोरच्या धाब्यावर शेवभाजीचा वास सुटला होता. सरांनी चषक सुपडूच्या मांडीवर ठेवला. "जिवापाड सांभाळ रे. आलोच."

तासाभराने सर ढेकर देत आले. सुपडू एकटाच बसला होता.

"चषक कुठाय?"

"दिला, सर."

"कुणाला?"

"चांदणवाडीच्या प्रशिक्षकांना, बोंडे सरांना. झाडाखाली रडत बसले होते बिचारे. चषकाच्या पोटावर अकरा पितळी पट्ट्या होत्या, सर. मी दोनदा वाचल्या. अकराच्या अकरा त्यांच्या कॉलेजच्या नावाच्या! आपलं एकदाही नाही. त्यांनीही विचारलं, 'नक्की ना?' मी म्हटलं, 'नाव वाचा की!' ही बघा सही."

सर मटकन खाली बसले. "अरे, त्यांची जीप तर मघाशीच गेली! आपलं नाव उद्या कोरायचं होतं रे, सुपडू!"

"म्हणूनच तर, सर!" सुपडूचा चेहरा उजळला. त्याने पिशवीत हात घातला. "चषकाखालच्या लाकडी ठोकळ्यावर कुणाचंच नाव नव्हतं. पेच फिरवून तो काढून घेतला. फसतोय होय मी!"

आणि त्याने तो ठोकळा दोन्ही हातांनी, अदबीने, सरांच्या मांडीवर ठेवला.

"अभिनंदन, सर."