ठकूचा वाफा

भाद्रपदात पानसड्याला फुलं बघायला माणसं येतात, ती आधी सड्यावर जातात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं खडकाळ पठार. उतरताना त्यांचं लक्ष घरांमागच्या परसांकडे जातं. प्रत्येक परसात कुंपण घातलेला एक वाफा आणि वाफ्यात ना भाजी, ना झेंडू. नुसतं कुसळी गवत, तेरडा, सोनकी, कवळा. सड्यावर पायाखाली येतं तेच इथं निगुतीनं राखलेलं. मग कोणीतरी विचारतंच, की रान उशाला असताना हे परसात कशाला? तेव्हा गावातले रखमाजी तात्या त्यांना पडवीत बसवून ठकूची गोष्ट सांगतात.

फार मागं, असं सांगतात, दसऱ्यानंतर कुठल्याशा सरदाराची छावणी सड्यावर पडली. गवत कमरेएवढं उभं होतं, बी अजून धरायचं होतं. घोड्यांनी ते मुळापर्यंत खाल्लं. जाताना उरलेल्याला आग लागली. कोणी म्हणतात लावली. पुढच्या पावसात सड्यावर उगवला तो तरोटा, ज्याला म्हैस तोंड लावत नाही. गाव गवळी-धनगरांचं. चारा नाही म्हणजे दूध नाही, आणि दूध नाही म्हणजे काहीच नाही. म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा जाणत्यांनी बसून ठरवलं, जनावरं घेऊन खाली नदीकाठी जायचं, आणि तिथंच राहायचं.

ठकू ही बिरूची बायको. तिचा जन्म सड्यावरचाच. आई गवत कापायला गेली असताना भाऱ्यावरच झालेली. सगळं गाव बांधाबांध करत होतं आणि ही उंबऱ्यात बसून राहिली.

"उठ ठके," बिरू म्हणाला. "दगडाला काय राखायचं?"

"तुमी जावा. जनावरं जगवा. मी गवत उभं करते, मग या."

"आणि न्हाई उगवलं तर?"

ठकूनं चुलीजवळचं दुधाचं गाडगं उचललं आणि पालथं घातलं. सड्यावर आपली म्हैस चरेपर्यंत दूध, दही, ताक, लोणी तोंडी लावणार नाही, असं ती म्हणाली म्हणे. गवळ्याच्या बाईनं हे म्हणावं, म्हणजे ते शेवटचंच. बिरू म्हशी घेऊन उतरला. सासू गोजराबाई मात्र सुनेला एकटी टाकून जायला तयार झाली नाही. दोघींपुरती नाचणी पिकत होती, एक शेळी होती.

बी आणायचं कुठून? सड्याच्या टोकाला कडा आहे. त्याच्या पोटात एक पट्टी होती, घोड्याचा पाय पोचला नव्हता अशी. कासोटा घालून ठकू तिथं उतरली. तेरड्याची बोंडं हात लागताच फुटतात आणि बी दरीत जातं, म्हणून खाली पदर धरून एकेक बोंड तिनं पदरातच फोडलं. बिरूच्या टाकून दिलेल्या घोंगडीत गवताची जुनी कुसळं बियांसकट रुतली होती, तीही वेचून काढली. परसात वाफा केला, हरभरा पेरतात तसं बी मातीत खोल दाबलं, आणि झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणून घालत राहिली.

काही उगवलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पाऊस आला तो तरोटा घेऊन. ठकू तो उपटायची, तो पुन्हा यायचा, ही पुन्हा उपटायची.

"रिकामी माती निंदतीस, पोरी," सासू एकदा म्हणाली. "चल, खाली जाऊ."

त्या दिवशी ठकू वाफ्यात बसली आणि बोटांनी माती उकरली. आत बी होतं तसंच होतं. कुजलं नव्हतं, किड्यानं खाल्लं नव्हतं. नखानं दाबून बघितलं तर टणक.

"आत्याबाई, हे मेलं न्हाई. निजलंय," ती म्हणाली. "आणि मी त्याच्या अंगावर ढीगभर माती घातली."

तिनं हलक्या हातानं सगळं बी वर घेतलं, भुरभुरतं झाकलं आणि सड्यावर कोण पाणी घालतं, म्हणून पाणी घालणंही बंद केलं. वर्षभर तो वाफा उघडाच दिसत होता. ठकू रोज उठून त्यातला तरोटा तेवढा काढायची. पुढच्या पावसात एका सकाळी वाफ्यावर हिरवी लव आली. गोजराबाईला ती नीट दिसेना, म्हणून ठकूनं तिचा हात धरून त्यावरून फिरवला.

त्या वाफ्याचं बी ओस पडलेल्या शेजारच्या परसांत गेलं, आणि तिथलं सड्यावर. खडकाच्या खळग्यांत पाटीनं माती नेऊन सासूसुनांनी बी टाकलं. कितीदा वाऱ्यानं नेलं, कितीदा पावसानं धुतलं, त्याची मोजदाद नाही. पण एका आश्विनात सडा पुन्हा कमरेएवढा उभा राहिला.

म्हणे, बिरूच्या म्हशीला खाली नदीकाठी त्याचा वास आला. ती दावं तोडून घाट चढली, बिरू तिच्या मागं, आणि सगळी गवळवाडी त्याच्या मागं. वर येऊन बघतात तर ठकू गवताच्या तोंडाशी हात पसरून उभी. केस पांढरे झालेले, अंगावर मांस नाही.

"बाजूला हो," बिरू म्हणाला. "उपाशी हाईत जनावरं."

"बी पडू द्या. अजून बी पडलं न्हाई."

"अगं, तुझंच गवत, तुझीच म्हैस."

"आज चारलं तर पुढच्या साली मी पुन्हा कड्यात उतरू?"

मागून माणसं ओरडत होती, म्हशी रेटत होत्या. बिरूनं बायकोकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. त्यानं आपली म्हैस मागं वळवून झाडाला बांधली आणि येऊन ठकूशेजारी उभा राहिला. त्याला ओलांडून पुढं जायला कोणी धजलं नाही. गवत पिवळं पडून झडेपर्यंत जनावरांनी झाडपाल्यावर दिवस काढले. मग बिरूची म्हैस सड्यावर सोडली. संध्याकाळी तिचं पहिलं दूध गोजराबाईनं सुनेच्या हातात दिलं. ठकूनं वास घेतला, आणि सगळं पिऊन टाकलं.

आजही पानसड्यावर बी झडल्याशिवाय जनावर सोडत नाहीत. आजही नवी सून घरात आली की सासू तिच्या ओंजळीत रानातलं बी घालते आणि परसात तिचा वाफा आखून देते. आणि पहिल्या पावसाळ्यात तो वाफा रिकामा राहिला, तर गावात तिला कोणी काही विचारत नाही.