बुधाजीचं कांदळवन

एका गावात, खाडीच्या अगदी तोंडाशी, एक भोळा गडी राहत होता. नाव बुधाजी. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, आणि गावाला धास्ती होती ती त्याचीच.

त्या वर्षी उधाणाने खाडीचा काठ खाल्ला. काठ धरून ठेवणारी कांदळाची झाडं लोकांनी जळणासाठी केव्हाच तोडली होती. त्यांच्या मुळांत वाढणारी मासळीही नाहीशी झाली होती. मग जयवंतीकाकीने बायका जमवल्या आणि काठाला पुन्हा कांदळ लावायचं ठरलं. बुधाजी तिचा सख्खा पुतण्या. त्याला नको कसं म्हणणार?

काकीने त्याच्या हाती कांदळाच्या शेंगांची टोपली दिली. शेवग्यासारख्या लांब, खाली टोकदार.

"जा, खाडीत टोचून ये."

बुधाजी गेला. भरती होती. गळाभर पाण्यात उभा राहून त्याने एकेक शेंग पाण्यात टोचली. सगळ्या तरंगत पलीकडच्या गावाला गेल्या.

"अरे खुळ्या," काकी म्हणाली, "पाणी चढलं की गप बसावं. ओहोटी लागली की आपोआप उतरतं. मग कामाला हात घालावा. कळलं?"

"कळलं, काकी."

दुसऱ्या दिवशी तो होडीतून शेंगा आणायला निघाला. मध्यावर होडीच्या तळाला भोक पडलं. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. बुधाजी वल्हं मांडीवर घेऊन गप बसला.

"अरे, पाणी उपस!" काठावरून बायका ओरडल्या.

"घाई कशाला? ओहोटी लागू दे की!"

होडी गेली तळाला. बुधाजी पोहत आला.

काकीने कपाळाला हात लावला. "भोक दिसलं की आधी बोळा कोंबायचा. बाकी सगळं मागाहून. कळलं?"

"कळलं, काकी."

तिसऱ्या दिवशी बुधाजी चिखलात उतरला आणि बघतो तर काय, जिकडेतिकडे भोकंच भोकं! दिवसभर खपून त्याने एकूण एक भोक नारळाच्या सोललेल्या सोडणांनी बुजवलं. बाहेर राहिलेले खेकडे घर शोधत त्याच्या पायांवरून फिरू लागले.

"ती त्यांची घरं रे!" काकी ओरडली. "त्या बिळांतून चिखलात हवा जाते, झाडं त्यावर तगतात. कुणाची वाट अडवू नये, दार मोकळं ठेवावं. कळलं?"

"कळलं, काकी."

चौथ्या दिवशी काकीने त्याला रोपांच्या वाडीवर राखणीला बसवलं. शेळ्या आल्या. बुधाजीने माडाच्या झापाचं दार सताड उघडलं. "या, या. आत या."

संध्याकाळी काकी आली तेव्हा अर्धी वाडी बोडकी झाली होती. ती तिथेच चिखलात बसली. बोडकी रोपं एकेक करून चाचपत राहिली. बुधाजीला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, नीट ऐक. चिखलात रोवलेलं काही दिसलं की भोवती कुंपण घालायचं. कुणाला उपटू द्यायचं नाही. उपटलं की मुळं तुटून खाली राहतात. मग ते जगत नाही."

"आता चुकणार नाही, काकी," बुधाजी म्हणाला.

आठवड्याने वनखात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना काम पसंत पडलं तर पलीकडचा काठही बायकांना लागवडीला मिळणार होता. काकी चहा आणायला गेली. गुडघ्यापर्यंत बूट घातलेले साहेब बुधाजीला समजावू लागले, "हवेत धूर फार झालाय. त्यातला कार्बन ही झाडं गिळतात आणि चिखलात साठवतात. त्यावरच वाढतात."

"धुरावर?" बुधाजी थक्क झाला.

साहेब दोन पावलं पुढे गेले आणि मांड्यांपर्यंत रुतले. "अरे, हात दे! ओढ मला!"

बुधाजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चिखलात रोवलेलं होतं. तो धावत गेला, मेढी आणल्या, भोवती कुंपण घातलं.

"हलू नका साहेब. मुळं दुखावतील."

आरडाओरडा ऐकून दोन मासेमार धावले. बुधाजीने वल्हं उगारून त्यांना पळवलं. मग त्याच्या मनात आलं, नवं रोप आहे, उपाशी असेल. त्याने वाऱ्याच्या बाजूला ओली सोडणं पेटवली. साहेब खोकू लागले.

"गिळतंय, गिळतंय!" बुधाजी हरखला.

काकी चहा घेऊन आली आणि तिने कपबश्या तशाच टाकल्या. चार बायकांनी साहेबांच्या काखांत हात घालून त्यांना ओढलं. पच्चकन आवाज झाला आणि साहेब अनवाणीच बाहेर आले.

ते काळवंडलेल्या तोंडाने कुंपणाकडे बघत राहिले. मग खोकत खोकत हसायला लागले. "जयवंतीबाई, पलीकडचा काठ तुमचा. अशी राखण मी कुठे पाहिली नाही!"

बायकाही हसल्या. बुधाजी मात्र हसला नाही. तो खड्ड्यातल्या दोन बुटांकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"उपटलंच ना शेवटी?" तो म्हणाला. "बघ काकी, दोन्ही मुळं खालीच राहिली. आता साहेब काही जगत नाहीत!"