अर्ध्यावर सोडलेली दाढ

मध खाऊन दात किडतात हे जंगलात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. झिपरू अस्वलाची दाढ ठणकू लागली, तसा तो सुतारपक्ष्याकडे गेला. सुतारपक्ष्यानं मधाचं अख्खं पोळं आधीच मागून घेतलं, चोचीनं दाढ कोरली, कीड काढली आणि म्हणाला, "आता यात डिंक भरला की झालं. उद्या या."

झिपरू रोज जायचा. कधी डिंक ओला असायचा, कधी सुतारराव दुसऱ्याच झाडाला भोक पाडायला गेलेले असायचे. पोळं मात्र केव्हाच फस्त झालं होतं.

एका सकाळी सुतारपक्षीच ओरडत आला. "अस्वलदादा, धावा! लाल मुंग्या माझ्या ढोलीकडे चढताहेत. आत पिल्लं आहेत हो!"

झिपरू धावला. बुंध्यावरच्या मुंग्या त्यानं जिभेनं भराभर ओढल्या आणि एकदम गाल धरून मटकन बसला. "आई गं! कोरलेल्या दाढेत मुंगी शिरली, कडकडून चावतेय. बाबा, ते भोक बुजवल्याशिवाय मला काही हे जमायचं नाही."

सुतारपक्षी भुर्रकन गेला, चोचभर डिंक घेऊन आला. त्यानं मुंगी उपटून काढली आणि बघता बघता दाढ बुजवून टाकली. मग झिपरूनं उरलेलं झाड चाटूनपुसून साफ केलं.

सुतारपक्ष्याच्या जिवात जीव आला. "दादा, तुमची फी किती झाली?"

झिपरूनं दाढेवरून मजेत जीभ फिरवली. "आधी वर जाऊन बघ, एखादी मुंगी राहिलीय का. फीचं मग बोलू."